ठकूबाईचा दहावा

हर्षला डोईफोडेने आजवर आठ-नऊ माणसं मारली होती आणि प्रत्येकाचा दहावा रीतसर घातला होता.

दचकू नका, माणसं कागदावरची. बार्शीच्या एका चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांना अक्षरांच्या ओळी वाचायला लावायची, कुणाला धूसर दिसतं, कुणाला दोन-दोन दिसतं ते बघून नंबर काढायची, आणि घरी आली की 'उलट्या नदीचा देश' लिहायला बसायची. त्या देशात नद्या समुद्रातून निघायच्या आणि डोंगर चढून जायच्या, मातीचे पक्षी उडायचे, माणसं आपली सावली गहाण टाकायची. प्रकाशकांनी तिला दारातही उभं केलं नव्हतं. असल्या गोष्टी मोठी माणसं वाचतात होय, असं एकाने तोंडावर विचारलं होतं. मग तिने तो नाद सोडला आणि 'पडवी' नावाच्या वाचनस्थळावर एकेक प्रकरण टाकायला लागली. तिथे तिला वाचक मिळाले. मोजकेच, पण जीव लावणारे. त्यांतले बरेचसे स्वतःही असलंच काहीबाही लिहिणारे होते. एकमेकांचं वाचायचं, एकमेकांची खोडी काढायची, कुणी खचला तर त्याला सांभाळून घ्यायचं, असा तो कट्टा होता.

दहाव्याची रीत काढली कराडच्या उत्तरा डुबल यांनी. हर्षलाने पहिल्यांदा एक पात्र मारलं, वेशीवरचा एक पोरगेला पहारेकरी, तेव्हा कट्ट्यावर नुसती रडारड झाली. त्याला परत आणा म्हणून लोक हात धुऊन मागे लागले. उत्तराताईंनी लिहिलं, की गेला ना तो, मग गळे कसले काढताय, रीतसर दहावा घाला आणि मोकळे व्हा. थट्टेत निघालेली गोष्ट, पण सगळ्यांना अशी काही आवडली की पुढे तिचे नियमच झाले. मरणाचं प्रकरण आलं की कट्ट्याला सुतक. लिहिणाऱ्याने दहाव्यापर्यंत कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही, कट्ट्यावर नाही आणि खाजगीतही नाही. दहाव्याला वाचकांनी पिंड ठेवायचे, म्हणजे गेलेल्याची कोणती इच्छा राहिली असेल ते एकेकाने लिहायचं. लेखक हा कावळा. जी इच्छा खरी वाटेल तिच्याखाली त्याने 'शिवला' असं लिहायचं आणि पुढच्या प्रकरणात ती पुरी करायची. शिवाय एक कडक नियम असा, की मरण आधी कुणालाही वाचायला द्यायचं नाही, मग तो कितीही जवळचा असो. मरण सगळ्यांना एकदमच कळलं पाहिजे, त्यात कसला आलाय मानपान, असं उत्तराताईंचं म्हणणं.

उत्तराताई म्हणजे एक प्रस्थ होतं. मुलींच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, निवृत्तीनंतर धाकट्या भावाच्या, जयसिंगच्या घरी राहत होत्या. शाळेत इतके बेडूक कापले त्याची भरपाई म्हणून आता बेडकांच्या राज्याची लांबलचक कथा लिहीत होत्या, आणि ती हर्षला सोडून फारसं कुणी वाचत नव्हतं. दोघींची प्रत्यक्ष भेट कधी झालीच नाही. ठरवायच्या खूप, पण कधी हिला रजा नाही, कधी त्यांचे गुडघे धरलेले. दर रविवारी सकाळी फोन मात्र व्हायचा, आणि त्यात पहिली दहा मिनिटं हर्षलाची हजेरी घेतली जायची. हे वाक्य फुगवलंयस, तिथे उगाच ऊन पाडलंयस, तुझ्या राजकन्येला भूकच कशी लागत नाही गं. हर्षलाची आई लवकर गेली होती. तिला असं हक्काने रागावणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि त्या बोलण्यांवर ती आठवडाभर तरतरीत राहायची.

मातीचे पक्षी दुरुस्त करणारी ठकूबाई ही त्या बोलण्यांतूनच जन्माला आली होती. तोंडाने फटकळ, हाताने हळवी. मोडक्या पक्ष्याला शिव्या घालत घालत ती त्याचा पंख असा बसवायची की पक्षी तिच्याच डोक्यावरून उडून जायचा. ठकूबाई म्हणजे आपणच, हे उत्तराताईंना पहिल्या प्रकरणात कळलं होतं. आपण इतक्या सभ्य शिव्या देत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती.

आता एका यंत्राचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आपल्या डोळ्यातली बाहुली उजेडात आवळते आणि अंधारात रुंदावते, हे शाळेतली पोरंही सांगतील. पण उजेड तोच ठेवला तरी ती हलत असते. भीती वाटली, ओढ वाटली, आतून काही तुटलं, की ती केसभर रुंदावते, आणि हे माणसाच्या हातात नसतं. चेहरा दाबता येतो, आवाज दाबता येतो, बाहुली दाबता येत नाही. पूर्वी हे मोजायला प्रयोगशाळा लागायची. मग वाचनाचे नवे चष्मे आले आणि हळूहळू सगळे त्यांतूनच वाचायला लागले. त्यांच्या काडीत मोहरीएवढा कॅमेरा असायचा. अक्षरं काचेवरच उमटायची आणि वाचणाऱ्याची नजर कुठे अडखळली, कुठे मागे वळली, पापणी किती वेळा मिटली, बाहुली किती उघडली, सगळं त्या कॅमेऱ्याला दिसायचं. काही महिन्यांत चष्म्याला माणूस पाठ व्हायचा. हा आता पुस्तक खाली ठेवणार, हे त्या माणसाच्या आधी चष्म्याला कळायचं.

आणि कळल्यावर गप्प बसेल तर ते यंत्र कसलं. आधी ते फक्त अक्षरं मोठी करायचं. मग लांब वाक्याचे दोन तुकडे करायला लागलं, मग अवघड शब्दाच्या जागी सोपा घालायला लागलं. प्रत्येकाची प्रत त्याच्या डोळ्यांसमोर, वाचता वाचता तयार व्हायची. 'पडवी'वाल्यांनी त्याला 'जुळतं वाचन' असं नाव दिलं होतं, लोक मऊ प्रत म्हणायचे. लेखकाची संमती घेतली जायची. त्यात लिहिलं होतं, की आशयाला धक्का न लावता मजकूर वाचकाला सुखकर केला जाईल. आशय म्हणजे काय आणि धक्का म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. लेखकाने स्वतःचं पान उघडलं की त्याला त्याचंच लिखाण दिसायचं, मूळ, जसंच्या तसं.

हर्षलाने दोन वर्षांपूर्वी हो म्हटलं होतं. वाचक गळत चालले होते, कट्ट्यावरचे सगळेच हो म्हणत होते. आणि काय सांगावं, मऊ प्रत सुरू झाली आणि दोन-तीनशे वाचकांचे काही हजार झाले. हर्षलाला आभाळ ठेंगणं झालं. दुकानात पेढे वाटले. त्याच आनंदात तिने उत्तराताईंच्या वाढदिवसाला त्यांच्या नंबरचा एक वाचनचष्मा स्वतःच्या हाताने बसवून कराडला पाठवला. ताईंचे डोळे दुखतात, त्यांचं वाचन तरी सुखाचं होईल, असं तिला वाटलं होतं.

त्या दोन वर्षांत तिने कुणाला मारलं नव्हतं, त्यामुळे दहावाही झाला नव्हता. कट्टा मात्र जरा बदलला होता. पसंतीचे बदाम आणि टाळ्या रग्गड यायच्या, बोलणं आटलं होतं. अमुक वाक्य काय सुंदर आहे असं एकाने म्हणावं, तर दुसऱ्याला ते आठवूच नये. एकदा ठकूबाईच्या लाडक्या पक्ष्यावरून उत्तराताई आणि गोंदियाचा मिलिंद रहांगडाले यांची चांगलीच जुंपली. मिलिंद भाताच्या गिरणीत नोकरी करून जंगलातल्या भुतांच्या कथा लिहायचा. तो पक्षी पोपट आहे असं त्याचं म्हणणं, घुबड आहे असं उत्तराताईंचं. हर्षलाने घुबडच लिहिलं होतं. मिलिंदने भुतं लिहून लिहून डोकं फिरवून घेतलंय, असं म्हणून सगळे हसले आणि विषय संपला.

मग एका रविवारी उत्तराताईंनी हर्षलाची हजेरी घेतलीच नाही. त्यांनी सरळ सांगितलं, की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतापर्यंत गेलाय आणि आपण औषधं थांबवली आहेत. फळ्यावर आकृती काढताना ज्या आवाजात बोलत असतील त्याच आवाजात सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, मुंबईला जाऊ, असलं काहीतरी हर्षला बोलायला लागली तर त्यांनी तिला मधेच तोडलं.

"तूही सुरू होऊ नकोस," त्या म्हणाल्या. "घरात सगळे माझ्याशी खोटं बोलतात. जया म्हणतो, थंडीत कोकणात जाऊ. भावजय म्हणते, तोंडावर तेज आलंय. डॉक्टर छताकडे बघून बोलतो. मी जन्मभर हेच शिकवलं गं, मला कळत नाही होय? पण मी म्हटलं की मी मरणार, की सगळे अंगावर धावून येतात. मग मलाच त्यांची समजूत घालावी लागते. दमले मी त्याने. दुखण्यापेक्षा त्याने दमले."

आपण काय करू शकतो, असं हर्षलाने कसंबसं विचारलं.

"ठकूबाईला मार."

हर्षला नाही म्हणाली. वाट्टेल ते सांगा, हे नको, म्हणाली. पण उत्तराताईंनी एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायच्या नाहीत. त्यांनी नीट समजावून सांगितलं. लढाईत नको, शापाने नको. आपल्यासारखीच मार, अंथरुणावर, हळूहळू. "आणि तिनं विचारलं की कुणीतरी तिच्याकडे बघून हो म्हणू दे. असं एक माणूस मला बघायचंय, मग ते तुझ्या पुस्तकातलं का असेना."

लिहून झालं की आधी तुम्हाला पाठवते, असं हर्षला म्हणाली. ते त्यांना चाललं नाही. नियम आपणच केला आणि आपणच मोडायचा का, सगळ्यांबरोबर वाचेन, एकटीने मरण वाचायची आपल्याला हौस नाही, असं म्हणाल्या. फोन ठेवताना मात्र म्हणाल्या, की जरा लवकर लिही.

हर्षलाने ते प्रकरण कसं लिहिलं ते तिचं तिला ठाऊक. दोनदा लिहून फाडलं, कारण दोन्ही वेळा ठकूबाई शेवटी वाचत होती. दुकानात एका आजोबांच्या डोळ्यांत टॉर्च धरला असताना तिला रडू आलं, आणि आपल्या डोळ्यांत काहीतरी भयंकर दिसलं असणार म्हणून आजोबाच घाबरले. तिला पुरतं कळलं होतं, की आपण ताईंना वाचवू शकत नाही, बरं वाटेल असंही काही करू शकत नाही. त्यांनी मागितलेला एक शब्द तेवढा आपल्या हातात आहे, आणि तो त्यांच्यापर्यंत वेळेत पोचला पाहिजे. तिसऱ्या खेपेला तिने मन घट्ट केलं. अंथरुणाला खिळलेली ठकूबाई, तिच्या उशाशी बसलेली भाची शिवरी, आणि अर्धवट राहिलेलं मातीचं घुबड. प्रकरण पुरं केलं, एका सोमवारी सकाळी 'पडवी'वर टाकलं आणि रीतीप्रमाणे तोंडाला कुलूप घातलं.

दुसऱ्याच दिवशी कराडहून निरोप आला. "वाचलं. ठीक आहे. तुझी मर्जी."

एवढंच. हर्षलाने तो निरोप किती वेळा वाचला असेल याला गणती नाही. तिला वाटलं, आपलं लिखाण कमी पडलं. मग वाटलं, फार अंगावर आलं असेल, ताई कितीही कणखर असल्या तरी शेवटी माणूसच. बोटं शिवशिवत होती, फोन करावा, निदान एक ओळ लिहावी. पण सुतक होतं. आणि ते सुतक उत्तराताईंनीच घालून दिलेलं, ते मोडलं तर त्याच आधी फाडून खातील. दहाव्याला पहिला पिंड नेहमी त्यांचाच असायचा. तेव्हा बोलू, असं म्हणून तिने दिवस ढकलले.

दहाव्याला तिने दुकानात रजा टाकली आणि सकाळपासून फोन समोर घेऊन बसली. दुपार झाली तरी कुणी फिरकलं नाही. ना पिंड, ना दोन शब्द. प्रकरणाखाली बदामांचा खच मात्र पडला होता. मग एका नव्या वाचकाने लिहिलं, की ठकूबाई अंथरुणातून उठली आणि तिने तो पक्षी उडवला तेव्हा ऊर भरून आला. हर्षलाला वाटलं, कुणीतरी टवाळी करतंय. तिने मिलिंदला फोन लावला आणि फटकारलंच, की इतकी वर्षं पाळलेली रीत, आज दहावा विसरलात कसे.

मिलिंद गोंधळून गेला. दहावा कुणाचा, मेलं कोण, असं त्याने विचारलं.

तिने त्याला प्रकरण मोठ्याने वाचायला लावलं आणि स्वतःचं लिखाण समोर धरलं. तो वाचत होता आणि तिचं बोट ओळींवरून सरकत होतं. पहिलं पान बऱ्यापैकी जुळलं. दुसऱ्यावर तिच्या घुबडाचा पोपट झाला. मग ठकूबाईने शिवरीला तो प्रश्न विचारला, आणि मिलिंद जे वाचायला लागला ते हर्षलाने लिहिलंच नव्हतं. त्याची ठकूबाई काढा पिऊन उठली आणि डोंगराकडे चालती झाली. हर्षलाने त्याला थांबवलं आणि आपल्याकडचं वाचून दाखवलं. मग तो हळूच म्हणाला, की त्याच्या आईने लहानपणापासून घुबडाची भीती घातलेली आहे, अजून त्याचं नाव निघालं तरी त्याच्या अंगावर काटा येतो.

आता सगळं लख्ख झालं. दोन वर्षं ती एक पुस्तक लिहीत होती आणि हजार जण हजार पुस्तकं वाचत होते. जिथे ज्याला बोचेल तिथे त्याच्यापुरतं काढून टाकलेलं. पण हर्षला त्या हजारांचा विचार करत नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर दोनच डोळे होते. जन्मात न पाहिलेले, पण ज्यांचा नंबर तिला तोंडपाठ होता आणि ज्यांच्यावर तो चष्मा तिने आपल्या हाताने चढवला होता. मरायला टेकलेल्या बाईने तो प्रश्न वाचला असणार, तिची बाहुली रुंदावली असणार. दुखतंय, एवढं यंत्राला कळलं. ते दुखणं तिने मागून घेतलं होतं, हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता.

तिने कराडला फोन लावला. बराच वाजल्यावर एका पुरुषाने उचलला. तो जयसिंग होता. आक्का गेली, आज सातवा दिवस, असं त्याने सांगितलं. तिच्या फोनचं कुलूप कुणाला उघडेना, त्यामुळे तिच्या लिहिण्याच्या मंडळींना कळवता आलं नाही, वाजला की उचलायचा एवढंच हातात आहे, असंही तो वरमून म्हणाला. हर्षलाने आपलं नाव सांगितलं.

"तुमच्याविषयी बोलली ती," तो म्हणाला. "शेवटी शेवटी तो चष्मा काढून माझ्याकडे दिला. म्हणाली, जया, त्या पोरीनं पण मला ठणठणीत बरी होशील म्हणून लिहिलंय. हर्षीसुद्धा खोटं बोलली रे. आम्हाला काय उमगलं नाही त्यातलं. तुम्ही काय मनाला लावून घेऊ नका, गुंगीत होती ती."

ती गुंगीत नव्हती, हे हर्षलाला माहीत होतं. ताईंच्या मऊ प्रतीत शिवरीच्या तोंडी काय घातलं होतं तेही आता कळलं. यंत्राने फार लांब जायची तसदी घेतली नव्हती. घरात सगळे जे म्हणत होते तेच वाक्य त्याने पुस्तकातही आणून ठेवलं होतं. आणि त्यावर ताईंनी तो तुटक निरोप धाडला, तर हर्षला गप्प. ताईंच्या लेखी कुणी मेलंच नव्हतं, मग सुतक कसलं. त्यांना एवढंच दिसलं, की पोरीने खोटं लिहिलं आणि वर तोंडही दाखवलं नाही. हर्षलाने फोन पदरात धरून हंबरडा फोडला. शेजारीण धावत आली, कोण गेलं विचारायला लागली, आणि हिला कोण म्हणून सांगावं ते सुचेना.

त्या संध्याकाळी तिने मऊ प्रत बंद केली आणि 'पडवी'वाल्यांना जळजळीत निरोप लिहिला. उलट टपाली उत्तर आलं, अगदी अदबीने. आपल्या या प्रकरणाला वाचकांचं समाधान आजवरचं सर्वाधिक आहे, एकाही वाचकाने ते अर्धवट सोडलेलं नाही, अभिनंदन. तिकडे मूळ प्रकरण लोकांच्या चष्म्यांवर उमटलं आणि आमच्या ठकूबाईला का मारलंत म्हणून बोंबाबोंब झाली. तिने त्यातलं काही वाचलं नाही. दुकानाच्या छपाईयंत्रावर प्रकरण कागदावर काढलं, आपल्या हस्तलिखिताशी ओळ न ओळ ताडून पाहिलं, कारण काचेवर उमटलेल्या कुठल्याच अक्षरावर तिचा आता भरवसा उरला नव्हता. ते कागद पिशवीत घालून तिने ताईंच्या दहाव्यासाठी कराडची एसटी धरली.

कृष्णा-कोयनेच्या संगमावर दहाव्याचं चालू होतं. जयसिंगला तिने कुणी न सांगता ओळखलं, उत्तराताईंच्या बोलण्यातला अवघडलेला, कुणाचंही मन न मोडणारा भाऊ तो हाच. त्याने तिला ताईंच्या भावजयीशेजारी पायरीवर बसवलं. पिंड मांडून झाले होते. कावळे होते भरपूर, कठड्यावर ओळीने बसलेले, पण एकही खाली येईना. नातलग एकेक करून पुढे होत होते आणि हात जोडून कबूल करत होते. तुझ्या नावाने शाळेत बक्षीस ठेवू. तुझी बेडकांची गोष्ट छापून काढू. जयाची काळजी करू नको. ऊन चढत चाललं होतं. लोक घड्याळं बघायला लागले. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला तशी हर्षला उठली आणि जयसिंगजवळ गेली. थोडं वाचू का, असं तिने विचारलं. त्याने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी हातातला दर्भ बाजूला ठेवला.

ती पिंडांसमोर उभी राहिली, कागद उघडले आणि म्हणाली, "ताई, हे मी तुमच्यासाठी लिहिलं होतं. तुमच्यापर्यंत आलं नाही." मग तिने वाचायला सुरुवात केली.

नदीच्या वाऱ्यात कागद फडफडत होते. मागे कुणीतरी कुजबुजलं, ही कोण, काय वाचतीये, मंत्र आहेत का. ठकूबाईचं अंथरूण आलं, तिला भेटायला येणारी गोड बोलणारी माणसं आली, तिच्या शिव्या आल्या, आणि त्या ऐकून भावजयीला डोळ्यांत पाणी असताना हसू आलं, कारण त्या शिव्या घरात रोज ऐकलेल्या होत्या. मग ती जागा आली.

"'मी मरणार का गं?' ठकूबाईनं विचारलं. शिवरीनं तिच्याकडे बघितलं. तिला भिंतीकडे बघावंसं वाटत होतं, पण तिनं ठकूबाईच्याच डोळ्यांत बघितलं आणि ती म्हणाली, 'हो.' 'लवकर?' 'लवकर.' ठकूबाईनं मोठा श्वास सोडला. 'बरं झालं बाई, एकजण तरी बोललीस. आता ते घुबड दे इकडं. एक पंख राहिलाय.'"

जयसिंग मटकन खाली बसला आणि उपरण्यात तोंड खुपसून रडायला लागला. कोकणात जाऊ असं आपण शेवटच्या दिवशीही म्हणालो होतो, असं काहीतरी तो बडबडत होता. हर्षला वाचत राहिली. तिची नजर कागदावर होती, त्यामुळे तिला दिसलं नाही. पायऱ्यांवर एकदम हालचाल झाली, लोकांनी हात जोडले, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. जयसिंगने डोळे पुसत उठून तिच्या कोपराला हात लावला.

"शिवला," तो म्हणाला. "हर्षलाताई, शिवला. झालं."

हर्षलाने मान हलवली, पण कागद खाली केले नाहीत. सगळे उठायला लागले होते, भांडी गोळा व्हायला लागली होती.

"बसा," ती म्हणाली. "अजून एक पान आहे."

तिने पान उलटलं आणि वाचायला लागली. जायला निघालेली माणसं एकमेकांकडे बघत पुन्हा पायऱ्यांवर टेकली. ठकूबाई अजून मरायची होती.